बाहेर तोंड केलेला राखणदार

त्या खाडीतलं पाणी कायम गढूळ असे. आपलं शेपूट आपल्याला दिसेल तर शपथ. त्यामुळे तिथल्या सगळ्यांचा संसार कानांवर चाले. खाणं कुठे आहे ते कानाने कळे, खडक कुठे आहे ते कानाने कळे, आणि शेजारी जिवंत आहे की गेला तेही कानानेच. ज्याने ती खाडी पाहिली नाही त्याला हे खोटं वाटेल. वाटू दे.

म्हणून तिथे एक रीत होती. भरती संपते आणि ओहोटी अजून सुरू व्हायची असते, तेव्हा थोडा वेळ पाणी थांबतं. पाणी थांबलं की जो तो आपल्या घरच्यांना हाक मारी, आणि ज्याला हाक मारली त्याने ओ द्यायची. तीन हाकांना ओ आली नाही तर हातातलं काम टाकून सगळ्या खाडीने शोधायला निघायचं. मग हरवलेलं पोर भांडणातल्या घरचं का असेना. ह्याला कोणी पुण्य म्हणत नसे की उपकार म्हणत नसे. चिखलात राहायचं तर एवढं करावं लागतं, इतकीच त्यामागची अक्कल.

एके वर्षी खाडीच्या तोंडाशी एक मोठी गोल जाळी उतरली. वर तरंगणाऱ्या पिंपांचं कडं, खाली पिशवीसारखं लोंबणारं जाळं आणि त्या जाळ्याबाहेर आणखी एक जाळं. आत जिताडे कोंडलेले. जिताडा मुळात शिकारी मासा, पण ह्या जिताड्यांना दिवसातून तीनदा वरून गोळ्या पडत. कोण टाकतं, कशासाठी टाकतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ताट आयतं पुढ्यात आल्यावर कोण विचारतो? थोड्याच दिवसांत ते असे सुटले, की वळताना एकमेकांना ‘जरा सरा हो’ म्हणावं लागे. त्यांच्यातले थोरले म्हणजे अण्णा. अण्णांचं बोलणं गोड, आवाज भारदस्त, आणि पोटाचं तर विचारूच नका.

मग कधीतरी त्या बाहेरच्या जाळ्याच्या कमरेला एक लोखंडी डबा लटकला. डब्याला एकच तोंड होतं आणि ते खाडीकडे केलेलं होतं. अण्णांनी जाळीतूनच जाहीर केलं, की हा राखणदार आहे, तो चोरांपासून राखण करणार. खाडीला बरं वाटलं. तोवर आपल्यात चोर आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

राखणदार बोलायला लागला. त्याच्या बोलण्याला ताल नव्हता. कधी टिकटिक, कधी लांबलचक किर्र, कधी काचेवर खिळा ओढावा तसं काहीतरी. मध्येच थांबे, आणि आता संपलं म्हणून जीव खाली पडावा तोच पुन्हा सुरू. तो सगळ्यांना सारखा ऐकू येत नसे. ज्याचे कान जितके तिखट तितका त्याला जास्त. खेकड्यांना आणि कालवांना तर काहीच नाही. बोईट माशांच्या थव्याला टोचल्यासारखं होई. आणि गाद्यांना, म्हणजे बंदरावरची शिकलेली माणसं ज्यांना डॉल्फिन म्हणतात त्यांना, डोक्यात तापलेली सळई फिरवल्यासारखं होई.

गाद्यांचं एकच घर त्या खाडीत उरलं होतं. तुळसा आणि तिची लेक शेवंती. शेवंतीला अजून वर्ष झालं नव्हतं. गाद्यांत आई पोराला जन्मतःच एक शीळ देते, तेच त्याचं नाव. शेवंतीला तिची शीळ पुरती येत होती, पण एवढंच. आईच्या कुशीपासून चार हात लांब गेली की ती ओ देत राही, आणि त्या ओच्या आधाराने तुळसा तिला पुन्हा कुशीत घेई. आता राखणदार बोलू लागला की मधली ओ गायब व्हायची. दोनदा तिला पोर सापडायला अर्धी ओहोटी गेली. तिसऱ्यांदा ती बैठकीला गेली.

बैठक धर्माजीकडे असे. धर्माजी हा त्या खाडीतला सर्वांत वडीलधारा खेकडा. दोन्ही नांग्या पुढे जुळवून बसला की त्याच्यापुढे कोणी मोठ्याने बोलत नसे.

‘‘धर्माजीकाका, तो डबा ओरडतो,’’ तुळसा म्हणाली. ‘‘माझी हाक पोरीपर्यंत पोचत नाही, आणि तिची ओ माझ्यापर्यंत येत नाही. एक दिवस पोर जायची माझी!’’

धर्माजीने बराच वेळ कानोसा घेतला. मग म्हणाला, ‘‘मला तर बुवा काही ऐकू येत नाही.’’

तो खोटं बोलत नव्हता. पण ‘मला ऐकू येत नाही’ आणि ‘आवाज नाही’ ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कळायला जरा मान वळवून बघावं लागतं. खेकड्याला मान नसते.

अण्णांचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल कसा द्यायचा? आणि अण्णांना जाळीबाहेर येण्याची सोय नव्हती. तेव्हा बैठकच उठून जाळीपाशी गेली. राखणदार मधूनमधून थांबे तेवढ्यात बोलणी झाली.

‘‘तुळसाबाई, तुम्ही आम्हाला घरच्यासारख्या,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पण एक विचारू? राग मानू नका. राखणदार ओरडतो तो चोराला बोचावं म्हणून. धर्माजींना बोचत नाही, कालवांना बोचत नाही. मग तुम्हालाच का बोचतं हो? कर नाही त्याला डर कशाला?’’

‘‘खाई त्याला खवखवे!’’ मागून कोणीतरी बोललं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तुळसाच्या शेजारी गोदा होती, बोईटांतली. तुळसाची जुनी मैत्रीण, दोघींनी एकमेकींच्या पोरांना हाका मारलेल्या. गोदाला आवाज ऐकू येत होता. ‘मलाही येतो’ म्हणायला तिने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सगळी बैठक तिच्याकडे वळली.

‘‘छे,’’ गोदा म्हणाली. ‘‘मला कुठे काय?’’

त्या दिवसापासून खाडीत भेटल्यावर ‘जेवलात का’ विचारायचं बंद झालं. ‘‘काही ऐकू येतं का?’’ ‘‘छे! तुला?’’ ‘‘छे छे!’’ असं म्हणायचं, आणि म्हणताना अगदी जवळ सरकून समोरच्याचा डोळा लवतो का ते बघायचं. राखणदाराने किर्र केलं की जो दचकेल त्याचं नाव सगळ्यांच्या मनात जाई. मग लोक न दचकायला शिकले. आई पोरांना शिकवू लागली, की बाळा, दुखलं तरी कल्ले हलवायचे नाहीत. एकट्यात गोदा तुळसाला म्हणाली, ‘‘मलाही टोचतं गं बायो. पण माझी पाच पोरं आहेत.’’ तुळसाला राग आला होता आणि दयाही आली होती, आणि दोन्हींचं काय करावं ते तिला सुचेना.

हरबा नावाचं एक पाणमांजर होतं. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला तो आवाज सोसेना. एका सकाळी बायकोपोरांना घेऊन तो वरच्या ओढ्यात निघून गेला. झालं! ‘‘चोर नसता तर पळाला असता का?’’ सगळे म्हणाले. कोणीतरी बाहेरचं जाळं जाऊन पाहिलं, तर राखणदाराच्या बाजूलाच ते हातभर उसवलेलं. जाळीच्या नांगराचा दोर तिथे दिवसरात्र घासत होता, पण दोराकडे कोण बघतो? ‘‘दातांची खूण आहे,’’ धर्माजीने सांगितलं. हरबाचे दात त्याने कधी पाहिले नव्हते.

चोर गेला, तरी राखणदार थांबला नाही. उलट त्याच्या शेजारी आणखी तीन डबे लागले, सगळ्यांची तोंडं बाहेर.

‘‘चोर तर गेला ना? मग हे आणखी तीन कशाला?’’ तुळसाने विचारलं.

‘‘उरलेल्या चोरांसाठी,’’ अण्णा म्हणाले.

आणि उरलेले चोर असणारच, कारण जाळीतले जिताडे कमी होतच होते. दर पंधरवड्याला शे-दीडशेंचा पत्ता नसे. तुळसा श्वास घ्यायला वर येई, त्यामुळे तिने एकदा डोळ्यांनी बघितलं होतं. वरून जाळीदार टोपली येते, खाली बुडते आणि जिताड्यांनी भरून वर जाते. तिने हे बैठकीत सांगितलं.

अण्णा हसले. ‘‘अहो, ते तर बढतीवर वर गेले. चोरीला गेले ते वेगळे!’’

आता बोला.

त्या जाळीजवळ एक जुनी लाकडी होडी नांगरलेली असे. जानकी तिचं नाव. पाण्यावरची असली तरी अर्धं अंग पाण्यात, त्यामुळे तिला खाडीतलं सगळं ऐकू येई, आणि वर असल्यामुळे पिंपांच्या कड्याच्या आतलंही दिसे. राखणदाराचा आवाज तिच्या फळ्याफळ्यांतून वाजत असे. तिने तुळसाला सांगून ठेवलं होतं, की मला येतं ऐकू, बैठकीत माझं नाव घे खुशाल. तुळसाला तेवढाच एक आधार होता.

पण होडीचा मालक लडकू नाखवा हा जुन्या वळणाचा माणूस. मासळी कुठे आहे ते कळायला तो वल्ह्याचं पातं पाण्यात धरून दांडा कानाला लावी. बाप तसंच करायचा, आजा तसंच करायचा. एक दिवस त्याने कान लावला तर मासळीचं नाव नाही, नुसती टिकटिक. त्याने कान तळाच्या फळीला लावला. तिथेही टिकटिक! दांडा कानाला लावून घोळ माशाची घुरघुर ओळखणारा तो माणूस, आवाज बाहेरून येत असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आपल्या होडीत वाजतंय म्हणजे ते आपल्याच होडीचं.

‘‘किडा लागलाय हिला!’’ नाखवा ओरडला. ‘‘लाकूड पोखरतोय आतून. त्या सुताराने कच्चं लाकूड घातलं माझ्या होडीला, वीस वर्षांची दोस्ती आणि हे फळ!’’

त्याने त्याच दिवशी जानकीला किनाऱ्यावर ओढलं आणि फळ्या उचकटायला घेतल्या. किडा काही निघाला नाही. सुताराशी बोलणं मात्र बंद झालं. जानकी वाळूत उघडीबोडकी पडून राहिली, आणि तुळसाचा साक्षीदार गेला.

त्यानंतर चार दिवसांनी शेवंती हरवली.

सकाळची भरती होती. चारही डबे एकदम बोलू लागले, तसे कधी बोलले नव्हते. शेवंती आईच्या कुशीतून उसळली आणि वाट फुटेल तिकडे पळाली. तुळसा तिच्या मागे वळली, तोवर गढूळ पाण्यात काही उरलं नव्हतं. तिने हाक मारली. आपल्याच हाकेचा आवाज तिला धड येईना. डबे क्षणभर थांबले तरी डोक्यातलं ओरडणं थांबत नव्हतं. एक हाक, दोन हाका, तीन हाका. ओ नाही.

ती धर्माजीच्या खडकाशी धडकली. ‘‘काका, पोर गेली माझी! तीन हाका झाल्या, ओ नाही. सगळ्यांना काढा बाहेर, शोधायला चला!’’

पूर्वीची गोष्ट असती तर हे वाक्य पुरं व्हायच्या आत खाडी निघाली असती. आता सगळे जमले, पण जागचे हलले नाहीत.

‘‘कशावरून हरवली?’’ एका कालवाने विचारलं.

‘‘आणि जाळीकडेच शोधायला नेणार असेल तर?’’ दुसरं म्हणालं. ‘‘आपण सगळे तिकडे गुंतलो, की मागच्या मागे काय होईल ते कोण बघणार?’’

‘‘पोर आहे हो, दूधपितं पोर!’’ तुळसा रडत होती. ‘‘त्या आवाजाने भेदरून पळाली.’’

‘‘हे बघ,’’ धर्माजी म्हणाला. ‘‘पुन्हा तू आवाजावर आलीस. रीत ही खाडीच्या लोकांसाठी आहे. ज्याला राखणदार बोचतो तो खाडीचा की चोरांचा, हे आधी ठरायला हवं. तू सगळ्यांसमोर एकदा सांग, की आवाज नाही, मला काही ऐकू येत नाही. एवढंच सांग. लगेच निघतो आम्ही.’’

तो हे वाईट हेतूने म्हणत नव्हता, आणि हेच भयंकर होतं. त्याला खरोखरच वाटत होतं, की आपण तिला परत घरात घेत आहोत. गोदा तोंड दुसरीकडे करून उभी होती.

तुळसाने एकदा जाळीकडे तोंड वळवलं. डबे ओरडत होते. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

‘‘आवाज नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मला काही ऐकू येत नाही. चला आता. पाया पडते मी तुमच्या, चला!’’

‘‘हे आधीच म्हणाली असतीस तर एवढं वाढलं नसतं,’’ धर्माजी म्हणाला, आणि खाडी निघाली. अगदी मनापासून निघाली. बोईटांनी ओळी धरल्या, खेकडे तळ चाचपू लागले, म्हाताऱ्या कालवांनीही शिंपल्या उघडून कान दिला. शोधायची पद्धत त्यांना एकच माहीत होती. हाक मारायची, आणि सगळ्यांनी गप्प राहून ओ ऐकायची. ते हाक मारत आणि गप्प राहत. मग डब्यांच्या त्या कल्लोळात गोदा शेजारणीला विचारी, ‘‘आली का ओ?’’ शेजारीण म्हणे, ‘‘नाही. किती शांत आहे बघ, आली असती तर कळली असती.’’

‘दोन घटका ते डबे थांबवा’ असं म्हणायची तुळसाला आता सोय नव्हती. नसलेला आवाज थांबवायचा कसा? ते वाक्य तिने दोनदा ओठांपर्यंत आणलं आणि गिळलं. हे बोलले तर शोध थांबेल, ही भीती होती. ती श्वास घ्यायला वर आली आणि तिने चहूकडे बघितलं, तर पिंपांच्या कड्यापलीकडचं काही दिसेना. जानकी तिथे असती तर वरून डोकावली असती. ती वाळूत होती.

शोधत शोधत सगळे जाळीपाशी आले. धर्माजी जाळ्यावर चढला. दोऱ्यादोऱ्यांवर पाय टाकत तो वरपर्यंत गेला आणि त्याने दोन्ही जाळ्यांमधून आत हाक दिली, ‘‘अण्णा, अहो अण्णा! तुळसाची पोर हरवली आहे. तुमच्याकडे काही ऐकू येतं का?’’

आत खूप शांत होतं. डब्यांची पाठ तिकडे होती. पाण्यावर एक गोळी पडली तरी कळावी इतकं शांत. सगळ्या खाडीत तेवढीच एक शांत जागा उरली होती, आणि भेदरलेलं पोर जिथे शांत असेल तिथेच जातं. बाहेरच्या जाळ्याच्या उसवलेल्या फटीतून शेवंती दोन जाळ्यांच्या मधल्या बोळात शिरली होती. आता बाहेर पडायचं तर डब्यांच्या तोंडासमोरूनच जावं लागणार, म्हणून ती जाळ्याला अंग चिकटवून तिथेच थांबली होती. आईची हाक तिला आत स्वच्छ ऐकू येत होती. प्रत्येक हाकेला ती ओ देत होती. तिला शिकवलं होतं तशी, एकही हाक न चुकवता. ती ओ डब्यांपर्यंत जाई आणि तिथे संपे. धर्माजीच्या पायांखालून ती ओ दोनदा गेली, पण इतकं बारीक ऐकायला त्याला कान नव्हते.

जिताड्यांना मात्र ऐकू येत होतं. सकाळपासून. ते सगळे जाळीच्या दुसऱ्या बाजूला दाटीवाटीने उभे होते आणि अण्णांकडे बघत होते.

अण्णा विचारात पडले. पोर इथे आहे म्हणावं तर सगळी खाडी आत बघायला येणार. तिला बाहेर काढायचं तर राखणदार थोडा वेळ बंद ठेवा म्हणणार. आणि तो एकदा बंद झाला आणि त्या वेळात एकही चोर आला नाही, तर? तर मग आजवर गेलेले कुठे गेले, असं कोणीतरी विचारेल. कदाचित आतलंच कोणी विचारेल. अण्णांना हा विचार मुळीच आवडला नाही. शिवाय काय नेम, चोराचंच पोर असेल. नाहीतर ह्या बोळात आलंच कशाला?

‘‘अण्णा, ऐकताय ना?’’ धर्माजीने पुन्हा विचारलं. ‘‘काही येतं का ऐकू?’’

‘‘नाही हो,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आमच्याकडे अगदी शांत आहे.’’

धर्माजीने तसं खाली कळवलं. अण्णांच्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही, तुळसानेसुद्धा. जाळीत नाही म्हणजे पोर समुद्राकडे वाहत गेली असणार, असं ठरलं. सगळी खाडी वळली आणि तुळसाला पुढे घालून उघड्या समुद्राच्या दिशेने निघाली. ती दर थोड्या वेळाने थांबे, हाक मारी, बाकीचे गप्प राहत, आणि मग पुढे जात.

आत जाळीत हाक ऐकू आली आणि ओ ऐकू आली. पुन्हा हाक, जरा लांबून, आणि पुन्हा ओ. जिताड्यांतलं कोणी हललं नाही. आणखी लांबून हाक आली. शेवंतीने ओ दिली, ह्या वेळी जरा जोराने. मग वरून दुपारच्या गोळ्या पडल्या, जिताडे तुटून पडले, आणि खाण्याच्या खळबळीत ती ओ आतसुद्धा ऐकू येईनाशी झाली.